एमबीए-एमएमएसचा कॅप प्रवेश: कागद कधी काढायचे, अर्ज कसा भरायचा, पर्याय कोणत्या क्रमाने लावायचे

दरवर्षी जुलै-ऑगस्ट आला की तेच तीन प्रश्न कानावर येतात. 'पर्सेंटाइल चांगला होता, मग माझी गणना ओपनमध्ये कशी झाली?' 'सीईटी दिली होती, तरी मेरिट लिस्टमध्ये नाव का नाही?' 'पहिल्या नंबरवर टाकलेलं कॉलेज लागलं, पण आता नको वाटतंय, काय करू?' तिन्हींची उत्तरं आहेत. पण विचारणाऱ्याच्या हातातली वेळ तोवर संपलेली असते.

हा लेख महाराष्ट्रातल्या दोन वर्षांच्या एमबीए आणि एमएमएस (व्यवस्थापनाचीच पदवी, नाव तेवढं वेगळं) अभ्यासक्रमांच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेबद्दल, म्हणजे सगळे ज्याला 'कॅप' म्हणतात तिच्याबद्दल आहे. सीईटीचा, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा, अभ्यास कसा करावा हे इथे नाही. परीक्षा बरी जाऊनही प्रवेश कुठे निसटतो, ते आहे. माझं मत आधीच सांगतो: बहुतेकांचा प्रवेश प्रश्नपत्रिकेत बिघडत नाही, तो सेतू केंद्राच्या रांगेत आणि कॉलेजांच्या पसंतीचा क्रम भरायच्या ऑप्शन फॉर्मवर बिघडतो.

टप्पा १: आपलं कॉलेज कॅपमध्ये आहे का, ते पाहा

हे आधी सांगायचं कारण, अनेक जण इथेच चुकतात. सीईटी सेलची, म्हणजे ही परीक्षा आणि हे प्रवेश चालवणाऱ्या राज्याच्या कक्षाची, कॅप प्रक्रिया सरकारी, अनुदानित, विद्यापीठ विभाग आणि खासगी विनाअनुदानित संस्थांच्या एमबीए-एमएमएस जागांसाठी असते. मुंबईचं जमनालाल बजाज, सिडनहॅमचं व्यवस्थापन महाविद्यालय, पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापनशास्त्र विभाग ही नावं इथली.

सिम्बायोसिस यात नाही. तिथे स्नॅप परीक्षा आणि वेगळा अर्ज लागतो. एनएमआयएमएस अभिमत विद्यापीठ आहे, त्यांची प्रक्रियाही स्वतंत्र. आयआयएम नागपूर आणि आयआयएम मुंबई (२०२३ पर्यंतचं निटी) कॅट या अखिल भारतीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवर मुलाखतीला बोलावतात. त्यांचे अर्ज हिवाळ्याच्या आत उरकलेले असतात. 'कॅपमध्ये बघू' म्हणून थांबलात तर ती दारं आधीच बंद झालेली असतील.

आणखी एक गोंधळ पीजीडीएमचा. एकाच आवारात एमएमएस आणि पीजीडीएम दोन्ही चालतात, पाटी एक, प्राध्यापकही बहुधा तेच. पण एमएमएस ही विद्यापीठाची पदवी आहे आणि पीजीडीएम ही संस्थेची पदविका. शुल्क, प्रवेशाचा मार्ग आणि शिष्यवृत्तीचे नियम दोन्हींचे वेगळे. कॉलेजात फोन केल्यावर 'आमच्याकडे एमबीए आहे' असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न हाच विचारा: पदवी कोण देणार, विद्यापीठ की तुम्ही?

टप्पा २: पात्रता, दशांश चिन्हासकट

किमान तीन वर्षांची पदवी, कोणत्याही शाखेची. खुल्या प्रवर्गाला किमान ५० टक्के. महाराष्ट्रातले मागासवर्गीय, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आणि दिव्यांग उमेदवार यांना ४५ टक्के. शिवाय प्रवेश परीक्षेत शून्यापेक्षा जास्त गुण.

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांना सीईटी देता येते. पण कॅपच्या वेळी निकाल हातात असावा लागतो, आणि परीक्षा लांबलेल्या विद्यापीठांच्या मुलांची इथेच तारांबळ उडते. एटीकेटी शिल्लक असेल तर त्या विषयाचा निकाल कधी लागतो याची चौकशी परीक्षा विभागात मार्चमध्येच करून ठेवा.

टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत मोजली जाते. ४९.६० चे ५० होत नाहीत, आणि छाननी करणाऱ्या माणसाला त्यात काही करता येत नाही. सीजीपीए असेल तर इंटरनेटवरच्या सूत्राने टक्के काढून भरू नका. तुमच्या विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं असतं. नसेल तर परीक्षा विभागाकडून तसं पत्र घ्या.

टप्पा ३: कागदपत्रं. हे काम डिसेंबरमध्ये सुरू करा

सगळ्यात जास्त वेळ खाणारा टप्पा हाच, आणि मुलं तो सगळ्यात शेवटी हातात घेतात.

बी.कॉम., बी.ए. किंवा बी.एस्सी. करून येणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. इंजिनिअरिंग करून आलेल्या मागासवर्गीय विद्यार्थ्याकडे जात वैधता प्रमाणपत्र बहुधा आधीपासून असतं. अकरावी-बारावी सायन्सलाच त्याची धावपळ झालेली असते. कॉमर्स-आर्ट्सच्या मुलाला तीन वर्षांत ते कोणी मागितलेलंच नसतं. त्याच्याकडे जातीचा दाखला असतो आणि त्याला वाटतं तेवढं पुरतं. ते पुरत नाही. कॅपमध्ये आरक्षित जागेवर दावा करायचा तर जातीचा दाखला आणि जात वैधता हे दोन वेगळे कागद लागतात.

वैधतेसाठी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे ऑनलाइन अर्ज करायचा आणि मग कागद प्रत्यक्ष नेऊन द्यायचे. अनुसूचित जमातींसाठी तपासणी समिती वेगळी आहे. सोबत कॉलेजचं पत्र लागतं, शपथपत्रं लागतात, आणि वडिलांकडच्या नात्यातले जुने पुरावे लागतात. जुने म्हणजे किती जुने, हे प्रवर्गावर ठरतं: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग व विशेष मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचे आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी, महसुली उतारे शोधायचे असतात. गावच्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टर पाहायला सुटीच्या दिवशी कोणी भेटत नाही, म्हणून दिवाळीच्या सुटीत गावी गेलात तर शाळा उघडेपर्यंत थांबा. सख्ख्या काकाकडे किंवा चुलतभावाकडे वैधता असेल तर त्याची प्रत जोडा, काम बरंच हलकं होतं. दक्षता पथकाची चौकशी लागली तर महिने जातात.

अर्ज केल्याची पावती दाखवून कॅपमध्ये तात्पुरता दावा करता येतो, असं सीईटी सेलची त्या-त्या वर्षीची माहिती पुस्तिका सांगते. पण मूळ प्रमाणपत्र द्यायची शेवटची तारीख ठरलेली असते. ती चुकली की उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो. सुरुवातीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

आता नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही असा दाखला. अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकी सगळ्या मागास प्रवर्गांना, एसईबीसीसह (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग), ते लागतं. मुदतीकडे लक्ष द्या: प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असावं लागतं. २०२६-२७ चा प्रवेश असेल तर ३१ मार्च २०२७. फेब्रुवारीत काढलेला दाखला कधी कधी त्याच मार्चअखेर संपतो, आणि मुलगा 'माझ्याकडे आहे' म्हणून निवांत बसतो. दाखला हातात आला की आधी शेवटची ओळ वाचा.

ईडब्ल्यूएसचंही तसंच. तो चालू आर्थिक वर्षाचा लागतो, म्हणजे १ एप्रिलनंतरच काढायचा.

सावधान: केंद्र सरकारच्या नोकरीसाठी किंवा कॅटसाठी काढलेला ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला केंद्राच्या नमुन्यात असतो. कॅपला राज्य शासनाचा नमुना लागतो. दोन्ही परीक्षा देणार असाल तर दोन्ही नमुने काढा. तहसीलमध्ये अर्ज करतानाच 'राज्याचा' असं स्पष्ट सांगा.

डोमिसाइल, म्हणजे वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला, आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतूतून मिळतो. महाराष्ट्रातच जन्म आणि सगळं शिक्षण झालेल्यांनाही तो काढून ठेवायला सांगतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ नुसतं गावाच्या नावाने लिहिलेलं असलं, जिल्हा-राज्य नसलं, की छाननीत शंका निघते.

बाकीचे कागद: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, आधार, सीईटीचं स्कोअर कार्ड. मध्ये एखादं वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र. अल्पसंख्याक संस्थेतल्या राखीव जागेसाठी धर्म किंवा मातृभाषेचा पुरावा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र जवळ ठेवावं. नावाचा क्रम (आडनाव आधी की शेवटी) सगळीकडे सारखा नसला तरी बहुधा चालून जातं, पण स्पेलिंग वेगळं असेल तर ते आताच दुरुस्त करा.

तपासा: प्रत्येक कागद मोबाइलच्या फोटोऐवजी नीट स्कॅन करून, सरळ आणि चारही कोपरे दिसतील असा, वेगळ्या फाइलमध्ये ठेवला आहे का? फाइलला त्या कागदाचंच नाव दिलं आहे का? 'स्कॅन१२' नावाच्या फाइलमुळे नॉन-क्रिमीलेअरच्या जागी बारावीची गुणपत्रिका चढवणारे कमी नाहीत.

टप्पा ४: सीईटीचा अर्ज आणि परीक्षा

परीक्षा साधारण मार्च-एप्रिलमध्ये असते, अर्ज त्याच्या दोन-तीन महिने आधी सुरू होतात. मोबाइल नंबर आणि ई-मेल स्वतःचा द्या. सायबर कॅफेवाल्याचा नंबर दिलात तर पुढे पासवर्ड बदलण्याचा ओटीपी त्याच्याकडे जाईल, आणि तो तेव्हा दुकान बंद करून गावी गेलेला असेल.

परीक्षेचं स्वरूप: २०० प्रश्न, १५० मिनिटं. तर्कशुद्ध विचारक्षमता ७५, अमूर्त आकृत्या २५, गणिती क्षमता ५० आणि इंग्रजी भाषा व उतारे ५०. प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद येतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. कॅटची सवय असलेले लोक हे विसरतात आणि चाळीस प्रश्न सोडून उठतात. परीक्षा अनेक सत्रांत होते, म्हणून निकाल पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे शंभरातले किती उमेदवार तुमच्या मागे आहेत त्या आकड्यात, येतो. मित्राचे आणि तुमचे कच्चे गुण ताडून बघण्यात अर्थ नाही.

कॅट, सीमॅट, मॅट, झॅट, ॲटमा, जीमॅट यांचे गुणही या प्रक्रियेत ओळखले जातात, मुख्यतः अखिल भारतीय आणि संस्थास्तरीय जागांसाठी. महाराष्ट्राच्या कोट्यातून सरकारी संस्थेत जायचं असेल तर मात्र सीईटी द्याच. कॅटवर विसंबून ती टाळू नका.

टप्पा ५: कॅपची नोंदणी, जी सीईटीच्या नोंदणीहून वेगळी आहे

वरच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे. सीईटी दिली, स्कोअर कार्ड आलं, आता कॉलेज आपोआप लागेल असं समजून शांत बसणारी मुलं दरवर्षी निघतात. सीईटी ही परीक्षा आहे. कॅप ही प्रवेशाची प्रक्रिया आहे, तिची नोंदणी आणि शुल्क वेगळं, वेळापत्रकही वेगळं. ते सीईटी सेलच्या संकेतस्थळावर निकालानंतर लागतं. कोणी फोन करून सांगत नाही.

नोंदणी करताना फॉर्म तुम्हाला बरेच साधे प्रश्न विचारतो: दहावी कुठून, बारावी कुठून, पदवी कोणत्या विद्यापीठाची, अधिवास महाराष्ट्राचा आहे का, वडील किंवा आई केंद्र अथवा राज्य शासनाच्या सेवेत आहेत का. या उत्तरांवरून तुमचा उमेदवारीचा प्रकार ठरतो. ए म्हणजे इथेच शिकलेले, बी म्हणजे स्वतःचा किंवा पालकांचा अधिवास असलेले, सी आणि डी सरकारी नोकरांची मुलं, ई सीमाभागातले. बेळगाव-निपाणी भागातल्या मराठी मुलांनी हा शेवटचा प्रकार नीट वाचावा. तो त्यांच्यासाठीच आहे आणि त्याचे पुरावे वेगळे आहेत.

दिल्ली किंवा बंगळूरला पदवी घेतलेला पुण्याचा मुलगा घाईत 'महाराष्ट्राबाहेरचा' असा पर्याय निवडतो आणि अखिल भारतीय रांगेत जाऊन पडतो. त्याच्याकडे डोमिसाइल असेल तर तो बी प्रकारात बसू शकतो.

सावधान: बरीच कॉलेजं 'मोफत फॉर्म भरून देऊ' असे मंडप टाकतात. मदत घ्या, पण लॉगिन आणि पासवर्ड तिथे ठेवून येऊ नका. पुढे ऑप्शन फॉर्ममध्ये त्यांचंच कॉलेज सगळ्यात वर बसलेलं दिसतं. तक्रार करायला गेलात तर फॉर्म तुमच्याच ओटीपीने भरलेला असतो.

टप्पा ६: छाननी. अर्ज पाठवला म्हणजे तो मंजूर झाला असं नाही

छाननीचे दोन मार्ग असतात. ई-छाननीत घरूनच कागद चढवायचे आणि सेतूसारख्या कुठल्याही खिडकीवर जायचं नाही. प्रत्यक्ष छाननीत ठरलेल्या केंद्रावर मूळ कागद घेऊन जायचं. कागद सरळ असतील तर ई-छाननी सोयीची. वैधतेची पावती, नावातला फरक, सीमाभागाचा दावा असं काही गुंतागुंतीचं असेल तर मी केंद्रावर जायला सांगतो. समोर माणूस असला की शंका तिथल्या तिथे मिटते.

ई-छाननीत त्रुटी निघाली तर अर्ज तुमच्याकडे परत येतो. तो दुरुस्त करून पुन्हा पाठवावा लागतो. एसएमएस येईल यावर राहू नका, रोज संध्याकाळी लॉगिन करून स्थिती बघा. शेवटच्या दिवशी परत आलेला अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला तर उपयोग नाही.

तपासा: स्थितीत 'कन्फर्म्ड' दिसतंय का? पोचपावती डाउनलोड केली का? तिच्यावर प्रवर्ग, उमेदवारीचा प्रकार, टक्केवारी आणि सीईटीचा पर्सेंटाइल बरोबर आहे का?

टप्पा ७: तात्पुरती मेरिट लिस्ट. हिला 'तात्पुरती' म्हणतात ते तुमच्यासाठी

तात्पुरत्या आणि अंतिम यादीच्या मध्ये तक्रार नोंदवायला थोडे दिवस मिळतात. प्रवर्ग चुकला, टक्केवारी चुकली, अल्पसंख्याक म्हणून नोंद राहिली, हे सगळं याच दिवसांत लॉगिनमधून सांगायचं. लोक फक्त आपला क्रमांक बघतात आणि स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकतात. बाकीचे रकाने वाचतच नाहीत. अंतिम यादी लागल्यावर केलेली विनवणी ऐकणारा कोणी नसतो.

टप्पा ८: ऑप्शन फॉर्म. इथे अक्कल वापरा, युक्त्या नकोत

जागा कशी वाटली जाते ते समजलं की अर्धी भीती जाते. संगणक मेरिटच्या क्रमाने एकेक उमेदवार घेतो. तुमची पाळी आली की तुमच्या यादीतला पहिला पर्याय बघतो. तिथे तुम्हाला बसण्याजोगी जागा शिल्लक असेल तर देतो, नसेल तर दुसरा बघतो, मग तिसरा. कोणी कुठलं कॉलेज कितव्या नंबरवर टाकलं यावरून जादा प्राधान्य कोणालाच मिळत नाही.

यातून निघणारा नियम एकच: क्रम आवडीने लावा, मिळण्याच्या शक्यतेने नाही. 'जमनालाल वर टाकलं आणि लागलं नाही, तर खालचं सिडनहॅम पण जाईल' ही भीती खोटी आहे. वरचे पर्याय हुकल्याने खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही. उलट, मिळेल म्हणून एखादं साधारण कॉलेज पहिल्या नंबरवर टाकलं की ते खरंच मिळतं, आणि मग हलता येत नाही. ते का, ते पुढच्या टप्प्यात.

मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेल प्रसिद्ध करते. ते वाचायची पद्धत अशी. प्रत्येक कटऑफवर एक संकेत असतो. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे महिलांची जागा. मधला भाग प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच म्हणजे स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्राची जागा, ओ म्हणजे त्याबाहेरची, एस म्हणजे राज्यस्तरीय. ओबीसी मुलीने फक्त सर्वसाधारण खुल्या जागेचा कटऑफ बघून कॉलेज सोडून देणं, ही नेहमीची आणि सहज टळणारी चूक. तुम्हाला लागू होणारे सगळे रकाने बघा, आणि पहिल्या फेरीबरोबर शेवटच्या फेरीचेही आकडे बघा.

यादीचा आकार? मी तीन गट करायला सांगतो. मागच्या कटऑफपेक्षा आपला पर्सेंटाइल कमी आहे पण मनापासून हवी आहेत ती कॉलेजं सगळ्यात वर. आपल्या आसपासची मध्ये. नक्की लागतील अशी खाली. पण खालच्या गटातही, लागलं तर खरोखर जाईन असंच कॉलेज ठेवा. 'भरायचं म्हणून' टाकलेलं नाव लागल्यावर रडू येतं.

प्रत्येक पर्यायासाठी शुल्क बघा. खासगी संस्थांचं शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि त्यांच्या संकेतस्थळावर ते मिळतं. कॉलेजच्या माहितीपत्रकातला आकडा त्याच्याशी ताडून बघा. वसतिगृह, गणवेश, 'परदेश अभ्यास दौरा' यांचे पैसे वेगळे निघतात, ते फोन करून विचारा. प्लेसमेंटच्या बाबतीत 'सर्वाधिक पॅकेज' या आकड्याकडे ढुंकूनही पाहू नका. मध्यक पगार किती, बॅचमधल्या किती जणांना नोकरी लागली आणि त्यातल्या किती विक्रीच्या होत्या, हे मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना विचारा. शक्य असेल तर एकदा कॅन्टीनमध्ये जाऊन बसा, तिथे खरं कळतं.

एकाच संस्थेला एकापेक्षा जास्त चॉइस कोड (ऑप्शन फॉर्ममध्ये पर्याय ओळखायचा क्रमांक) असू शकतात. एमबीए आणि एखाद्या विशेष शाखेची एमबीए, किंवा एकाच संस्थेची दोन गावांतली दोन कॉलेजं. नावावर न जाता कोड आणि पत्ता बघा.

सावधान: 'सेव्ह' केलेला फॉर्म आणि 'कन्फर्म' केलेला फॉर्म यांत फरक आहे. कन्फर्म न केलेला फॉर्म वाटपात धरलाच जात नाही. शेवटच्या संध्याकाळी सर्व्हर जड चालतो. एक दिवस आधी कन्फर्म करा आणि छापील प्रत घरात मोठ्याने वाचून घ्या.

टप्पा ९: जागा लागली. फ्रीझ की बेटरमेंट?

पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर ती जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की होते. मग ती घ्यायची, नाहीतर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर पडायचं. सुरुवातीच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे. पुढच्या फेऱ्यांत वरचे किती पर्याय असे गोठतात, ते त्या वर्षीची पुस्तिका सांगते. अभियांत्रिकीच्या प्रवेशात २०२५-२६ ला दुसऱ्या फेरीत पहिले तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिले सहा पर्याय असे धरले गेले होते. एमबीएच्या पुस्तिकेत हा भाग ऑप्शन फॉर्म भरण्याआधी वाचा, नंतर नाही. म्हणूनच मधल्या फेऱ्यांतही वरच्या काही नावांचा विचार पहिल्या नावाइतकाच काळजीने करायचा.

त्याखालचा पर्याय लागला तर दोन रस्ते: जागा स्वीकारून फ्रीझ करणं, किंवा जागा स्वीकारून बेटरमेंट, म्हणजे पुढच्या फेरीत यादीतला वरचा पर्याय, मागणं. दोन्हींत लॉगिनमधून आपल्या दाव्यांची स्वतः पडताळणी करायची आणि जागा स्वीकृती शुल्क भरायचं. बेटरमेंटमध्ये पुढच्या फेरीत वरचं काही मिळालं तर आधीची जागा आपोआप जाते. नव्या जागेवर मन बसलं नाही, तरी जुनी परत मिळत नाही. पुढच्या फेरीत नवं काही मिळालं नाही तर जुनी टिकते.

'स्वीकृती शुल्क भरलं म्हणजे प्रवेश झाला' हा समज धोक्याचा आहे. फ्रीझ झालेल्यांनी ठरलेल्या मुदतीत संस्थेत जाऊन शुल्क भरायचं, मूळ कागद दाखवायचे, आणि संस्थेने पोर्टलवर तुमचा प्रवेश नोंदवून दिलेली पावती घ्यायची. हातात फक्त कॉलेजची शुल्काची पावती असेल तर काम अपुरं आहे.

मूळ कागद संस्थेने पडताळून परत द्यायचे असतात, ठेवून घ्यायचे नसतात. प्रवेश रद्द करायचा झाला तर अंतिम तारखेच्या आत लॉगिनमधून रद्द करा आणि संस्थेलाही अर्ज द्या. मुदतीत रद्द केल्यास १,००० रुपये कापून बाकी शुल्क परत मिळतं. तोंडी सांगून निघून आलात तर पैसे अडकतात.

टप्पा १०: कॅप हुकली तर

खासगी विनाअनुदानित संस्थांत २० टक्के जागा संस्थास्तरावर भरल्या जातात, आणि कॅपनंतर उरलेल्या जागाही तिथेच येतात. त्यासाठी त्या-त्या संस्थेत स्वतंत्र अर्ज करावा लागतो, म्हणून कॅप चालू असतानाच दोन-तीन ठिकाणी अर्ज देऊन ठेवा. इथेही गुणवत्ता यादी लावणं संस्थेवर बंधनकारक आहे. देणगी मागणं हा २०१५ च्या राज्य कायद्याखाली गुन्हा आहे. 'सीट बुक करून ठेवतो, पन्नास हजार टाका' म्हणणाऱ्या एजंटाच्या हातात जागा नसते, तुमचा फोन नंबर तेवढा असतो.

मात्र पुढच्या टप्प्याचा हिशेब करूनच संस्थास्तरीय जागा घ्या.

टप्पा ११: शिष्यवृत्तीचा अर्ज

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिकवणी शुल्कात निम्मी सवलत मिळते. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने त्याच उत्पन्न मर्यादेत शिकवणी व परीक्षा शुल्काची शंभर टक्के माफी आहे. दोन्हींची अट एकच: प्रवेश कॅपमधून झालेला हवा. संस्थास्तरीय कोट्यातली जागा थोड्या बऱ्या कॉलेजात मिळत असली, तरी दोन वर्षांचं पूर्ण शुल्क आणि ही सवलत शेजारी शेजारी मांडून बघा. बऱ्याचदा निर्णय बदलतो.

अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर स्वतः करायचा असतो. कॉलेज तो फक्त पुढे पाठवतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, कॅपचा अर्ज क्रमांक, वाटपपत्र आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. खातं आधारशी 'जोडलेलं' असणं वेगळं आणि थेट लाभ त्याच खात्यात येईल अशी नोंद असणं वेगळं. बँकेत जाऊन दुसरी गोष्ट विचारा. दोन-तीन खाती असतील तर पैसे शेवटी ज्या खात्याची नोंद झाली त्यात जातात, आणि ते अनेकदा एखादं विसरलेलं शून्य शिलकीचं खातं निघतं.

दुसऱ्या वर्षी नवा अर्ज न भरता 'नूतनीकरण' निवडायचं. नवा भरलात तर पहिल्या वर्षाचा अर्ज आणि हा, दोन्ही छाननीत अडकतात.